पोटावरून हृदय

१४ मार्च २००५, सोमवार

औषध कंपनीच्या माणसाने जानेवारीत दिलेली ही डायरी अडीच महिने कपाटात पडून होती. प्रत्येक पानाच्या तळाशी पित्ताच्या गोळीची जाहिरात आहे. कोऱ्या पानांची कीव आली म्हणून लिहायला घेतलं असं म्हणू. खरं म्हणजे केसपेपरवर जे लिहिता येत नाही ते कुठेतरी लिहून टाकावं, एवढंच.

शुक्रवारी आमच्या कॅज्युअल्टीत सायखेड्याहून निवृत्ती नावाचे गृहस्थ आले. वय बावन्न. दोन दिवस उलट्या, बीपी सत्तर, हातपाय गार, शर्ट घामाने चिंब. म्हणजे शॉक, रक्ताभिसरण कोसळलेलं. उलट्या म्हणजे अंगातलं पाणी गेलेलं, आणि पाणी गेलं म्हणजे सलाईन. बावीस वर्षं हेच करते आहे. एक बाटली जोरात सोडली, मग दुसरी. ते ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून काहीतरी सांगू बघत होते. मी मास्क परत लावला. बीपी हलेना म्हणून तिसरी बाटली लावली. ती अर्धी झाली आणि त्यांच्या तोंडाला फेस आला. वीस मिनिटांत संपलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा दाखल्यासाठी आला. त्याच्या पिशवीत जुने कागद होते, मुंबईला केलेल्या हृदयाच्या तपासणीचे. हृदयाचा पंप पाव ताकदीवर चालत होता. उलट्याही त्यामुळेच झाल्या असणार. अशा हृदयावर मी सव्वा लिटर पाणी ओतलं. मुलगा म्हणाला, "म्याडम, तुमी लय धावपळ केली." आणि बागेतल्या द्राक्षांची पेटी ठेवून गेला.

कागद आधी आले असते तर वेगळं केलं असतं. आले नाहीत. त्यात माझी चूक नाही. द्राक्षं स्टाफने संपवली. मी खाल्ली नाहीत, मला ती तशीही आंबट लागतात.

२ एप्रिल, शनिवार

आमचे वॉर्डबॉय गोटीराम मामा रिटायर व्हायला आले आहेत, पण बोलायला अजून पोरांना भारी आहेत. सकाळी शेतावर आणि दुपारी ड्यूटीवर असा त्यांचा दिवस. आज मी सलाईनची बाटली हातात घेऊन नुसतीच उभी होते, म्हणे पाच मिनिटं. म्हणाले, "मॅडम, त्या सायखेड्याच्या बाबाचंच चाललंय ना डोक्यात?"

मी नाही म्हटलं.

"नळाला पाणी आलं नाय म्हंजे टाकीच रिकामी असती असं नाय. कधी मोटर जळती. कधी पाइपावर कुणी ट्रॅक्टर हुबा करून ठिवतो. नळ तिन्ही येळंला कोरडाच."

"मग तुम्ही कसं ओळखता?"

"जाऊन बघतो."

माणसाच्या आत जाऊन कसं बघणार, असं म्हणून मी त्यांना हाकललं. बाकी दिवस नेहमीसारखा.

२३ मे, सोमवार

शनिवार-रविवार पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. जाहिरात बघितली आणि नाव घातलं, का ते ठाऊक नाही. वर्गात सगळ्यांत म्हातारी मी. शिकवणारा माझ्या भाच्याच्या वयाचा, पण गुणी पोरगा.

तो म्हणतो, शॉकचा पेशंट आला की वाट बघू नका. साधं सोनोग्राफीचं मशीन खाटेशी आणा. बरगड्यांच्या खाली, पोटाच्या खळगीत प्रोब ठेवा आणि वर तिरका करा. हृदय समोर येतं. ते रिकामं असेल आणि भिंती एकमेकींना चिकटत असतील तर सलाईन द्या. मोठं, ढिलं, जेमतेम हलणारं असेल तर सलाईनला हात लावू नका. भोवती काळं कडं दिसलं तर आवरणात पाणी साचून हृदय दाबलं जातंय, ते सुईने काढा. सगळ्याला मिळून दोन मिनिटं लागतात.

दुसऱ्या प्रकारच्या हृदयाची फिल्म सुरू झाली तेव्हा मी बाहेर गेले आणि चहाच्या सुट्टीपर्यंत बाहेरच बसले. हॉलमधला एसी फार होता.

१८ जून, शनिवार

रेडिओलॉजीत नवं रंगीत मशीन आलं आणि जुनं काळं-पांढरं चादर पांघरून कोपऱ्यात गेलं. त्याला चाकं आहेत. मी ते मागितलं. डॉ. दीपक आमचे रेडिओलॉजिस्ट, स्वभावाने सरळ आणि कायद्याला फार भिणारे. म्हणाले, "मॅडम, हे मशीन म्हणजे बंदूक समजा. लायसन्स एका खोलीचं असतं. दुसऱ्या खोलीत नेलं की आपण आत."

कायदा बरोबर आहे. पोटातल्या पोरी मारणारे आमच्याच पेशातले होते, बाहेरून कुणी आलं नव्हतं. म्हणून रीतसर अर्ज केला, चकरा मारल्या, परवानगी आली. मशीन कॅज्युअल्टीबाहेर न्यायचं नाही, प्रत्येक पेशंट रजिस्टरात लिहायचा आणि पाटी ठळक जागी लावायची. कॅज्युअल्टीच्या भिंतींवर जागा कुठली, म्हणून पाटी मी मशीनच्याच पुढच्या अंगाला चिकटवली. लाल अक्षरात, हातभर लांब: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. हा कायद्याने गुन्हा आहे.

डॉ. दीपक म्हणाले, "झकास. आता कुणाची बोलायची टाप नाही."

३० जुलै, शनिवार

आजवर त्रेसष्ट हृदयं बघितली. सिस्टर, ड्रायव्हर, कँटीनवाला, गोटीराम मामा. मामांचं दोनदा. "मॅडम, आता मलाच दिवस जातील," म्हणाले.

आज पिंपळगावचा एक कांद्याचा दलाल जुलाबांनी आडवा होऊन आला. बीपी ऐंशी. प्रोब ठेवला, हृदय रिकामं, नुसतं फडफडत होतं. सलाईन सोडलं. दोन तासांत उठून बसला आणि मोबाईलवर भाव विचारायला लागला. सिस्टर म्हणाल्या, मॅडम, पेढे हवेत. मी हो म्हटलं. मला काही वाटलं नाही.

१६ ऑगस्ट, मंगळवार

भूक नाही. सकाळी उठल्यावर दात घासायचासुद्धा कंटाळा येतो. कुणी मेलं तरी तसंच, कुणी वाचलं तरी तसंच. ह्यांनी टोकलं, "तू हल्ली घरात असून नसल्यासारखी असतेस." वयाचं असेल. थायरॉइड तपासून घेतलं. नॉर्मल आलं. म्हणजे नुसताच स्वभाव.

१९ सप्टेंबर, सोमवार

घरी आल्या आल्या लिहिते आहे, नाहीतर काय कशानंतर झालं ते विसरेन.

सकाळी अकराच्या सुमारास पेठच्या पलीकडच्या एका पाड्यावरून सोमा भोये नावाचा माणूस मुलीला घेऊन आला. बरोबर त्याची सासू, कुसाबाई. मुलगी सविता, अठरा वर्षांची. दीड महिना बारीक ताप, धाप, पाय सुजलेले आणि पोट चांगलंच वाढलेलं. नाडी एकशे बत्तीस, बीपी शहात्तर, बोटं बर्फासारखी. मानेच्या शिरा मात्र टरारून फुगलेल्या. सिस्टर सलाईन लावायला निघाल्या, मी त्यांना थांबवलं आणि मशीन आणायला सांगितलं. सोमाला म्हटलं, पोटावरून सोनोग्राफी करते.

मामांनी मशीन ढकलत आणलं. पाटी सोमाच्या तोंडासमोर आली. मी जेली लावली, प्रोब टेकवला, वर तिरका केला. आणि ते दिसलं. हृदयाभोवती रुंद काळं कडं, आणि उजवी बाजू दर ठोक्याला आत चेपली जात होती. जेमतेम दोन सेकंद बघितलं असेल. मग कुणीतरी माझा हात झटकला.

सोमा होता. म्हणाला, "माजी पोर तसली नाय."

"कसली?"

त्याने पाटीवर बोट ठेवलं आणि चौथीपर्यंत शिकलेला माणूस वाचतो तसं वाचलं. "गऽर्भ." तिथेच थांबला. "समदा पाडा तिच्या प्वाटाकडं बघून तेच बोलतोय. म्हनून हितं आनली. आता तुमी बी तेच."

मी सांगायला लागले, पण तो ऐकत नव्हता. त्याने तिला शालीत गुंडाळून उचललं. मी फॉर्म पुढे केला, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध नेत आहे असा. त्याने सही केली आणि ते गेले. सही घ्यावी लागते, नियम आहे.

गोटीराम मामांनी विचारलं, "काय दिसलं?"

"भोवती पाणी आहे. काढलं नाही तर आज-उद्यात जाईल."

"अन् तुमी सही फाइलला लावून ऱ्हायल्या."

घड्याळात बघितलं. त्यांना जाऊन दहा मिनिटं झाली होती. मामांच्या लुनावर मागे बसले. पन्नाशीला टेकलेली बाई, अंगात एप्रन, लोक बघत होते.

पेठ नाक्यावर काळी-पिवळी जीप भरत होती. सगळे त्यांच्याच पट्ट्यातले, बाजार करून परतणारे. सविता आजीच्या मांडीला टेकून डोळे उघडे ठेवून बसली होती. मी आडपडदा ठेवला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सोमा, तुझ्या मुलीला दिवस गेलेले नाहीत. तिच्या पोटात मूलबिल काही नाही. मी डॉक्टर आहे, मी बघितलंय." दोनदा सांगितलं. जीपमधल्या बायांनी माना बाहेर काढल्या. एकदाचं स्पष्ट झालं, असं मला वाटलं.

सोमा खाली बघत उभा राहिला. कुसाबाईंनी विचारलं, "मंग हाय तरी काय?"

मी त्यांची बोटं सविताच्या मानेवरच्या शिरेवर ठेवली. "काळजाभोवती पाणी साचलंय. त्याला फुलायला जागाच नाही, म्हणून रक्त तुंबून पोट फुगलंय. ते पाणी काढायला हवं."

"पानी काढल्यावं मानूस ऱ्हात नाय म्हंत्यात."

"नाही काढलं तर राहणार नाही. आजचा दिवससुद्धा."

कुसाबाईंनी बोटं तिथेच ठेवली, बहुतेक ठोके मोजत होत्या. मग जावयाला म्हणाल्या, "उचल तिला."

आमचे फिजिशियन दुसऱ्या हॉस्पिटलात होते. फोनवर म्हणाले, थांबू नका, तुम्हीच करा. पडद्यावर बघत बरगडीखालून सुई घातली. फिक्या चहाच्या रंगाचं पाणी आलं. पहिल्या सिरिंजलाच बीपी ब्याण्णव झालं. तीनशे ऐंशी मिली काढल्यावर एकशे आठ. बोटं गरम झाली. सविता म्हणाली, "पानी द्या," आणि सिस्टर हसायला लागल्या, कारण पाणी काढायलाच एवढा खटाटोप चालला होता.

रात्रीच्या जेवणाला ह्यांनी विचारलं, आज काय विशेष. म्हटलं, एक केस होती, बरी आहे. ती वाचली याचं समाधान वाटायला हवं. उद्या वाटेल कदाचित.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

टीबी निघाला. सहा महिने गोळ्या. पाणी पुन्हा साचलेलं नाही, पोटही ओसरतंय. गोळ्या कधी घ्यायच्या ते सोमाला समजावलं, खायला काय द्यायचं ते कुसाबाईंना. मुलगी लाजाळू आहे, बोलत नाही.

४ ऑक्टोबर, मंगळवार

सविता घरी गेली. जाताना मशीनसमोर थांबली होती. तिला काही विचारायचं असावं, पण सोमा पुढे निघाला होता आणि माझ्याकडे अपघाताची केस आली होती.

८ नोव्हेंबर, मंगळवार

सोमा एकटाच आला. घरच्या नव्या तांदळाची पिशवी टेबलावर ठेवली आणि उभाच राहिला. मी विचारलं, सविता कशी आहे. गोळ्या चालू आहेत, धाप नाही, भात लावायच्या वेळेस होती तशी झाली, म्हणाला. मग म्हणाला, "म्याडम, जीव वाचिवला तुमी. पन सुपारी परत आली."

शेजारच्या पाड्यावरच्या भिमाजीच्या मुलाशी तिचं जमलं होतं. दिवाळी झाली की लग्न. भिमाजीने सुपारी परत पाठवली.

"पण का? ती तर बरी झाली."

"नाशकाची डाक्टरीण नाक्यावं सोता वरडून सांगत व्हती पोरीला दिवस गेल्याचं, असं जीपवाल्या बाया सांगत्यात."

"मी 'नाहीत' म्हणाले होते."

"व्हय. मी आयकलं. बाकीच्यास्नी तेवढं आयकाया आलं नाय."

त्याला कागद हवा होता, सहीशिक्क्याचा, पंचांपुढे ठेवायला. मी लेटरहेड घेतलं आणि मराठीत लिहिलं, सविता सोमा भोये हिला गर्भधारणा झालेली नव्हती. तो बोट ठेवून वाचायला लागला आणि अडला.

"ह्यो शबुद काढा."

"अरे, पण पुढे 'नव्हती' लिहिलंय."

"तुमच्या पाटीवं बी फुडं 'नाही' हाय. मला त्या दिशी दिसलं का?"

मी कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, पोटाच्या तपासणीत काही आढळले नाही. 'पोट' काढायला लावलं. सोनोग्राफी तर नकोच. हृदयाचा आजार लिहिला तर म्हणाला, काळजाची रोगी पोर कोण करील. टीबीला त्याने आधीच हात जोडले. चार कागद गेले. पाचव्यावर एवढंच उरलं, सविता सोमा भोये हिला दिनांक १९-९-२००५ रोजी येथे आणले होते, ती आता बरी आहे. खाली माझी सही आणि गोल शिक्का. त्याने घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "ह्यानं काय व्हनार म्हना."

दाराशी गोटीराम मामा सगळं ऐकत उभे होते. म्हणाले, "सोमाभाऊ, कागद ऱ्हाऊ द्या. त्या भिमाजीला अन् पंचांना जीप भरून हितं घेऊन या. समद्या बाप्यांच्या प्वाटावं मॅडम ह्येच मशीन फिरवतील. बघू तरी कुनाकुनाला दिवस गेल्यात."

सोमा हसला नाही. विचार करत गेला.

घरी येऊन मी त्या नाक्याची आठवण काढून बघितली. मी ओरडले नसते, सोमाच्या कानात सांगितलं असतं, तरी ते परत आले असते. कुसाबाईंनी शीर बघून ठरवलं, माझ्या भाषणाने नाही. म्हणजे ते ओरडणं कुणासाठी होतं?

२७ नोव्हेंबर, रविवार

ते खरंच आले. जीपमध्ये नऊ बाप्ये, मागे सविता आणि कुसाबाई. डॉ. दीपक रविवार असून धावत आले. मी म्हटलं, कायद्यात पुरुषाचं हृदय बघायला बंदी नाही. ते म्हणाले, "रजिस्टर मात्र भरायचं." आमचा कारकून पुस्तक घेऊन बसला.

आधी सोमा आडवा झाला, मग पंच, एकामागून एक. भिमाजी शेवटपर्यंत हाताची घडी घालून भिंतीला टेकून होता. उंच, पांढऱ्या मिशीचा, कमी बोलणारा माणूस. सगळे झाल्यावर त्याने टोपी काढून मामांच्या हातात दिली आणि सदरा वर करून झोपला. जेली गार लागली तशी पोट आत ओढून घेतलं, बाकीचे हसले. मी पडदा त्याच्याकडे वळवला.

"ह्ये माजं?"

"तुमचं."

"असं सारकंच हालतं? झोपल्यावं बी?"

"झोपल्यावर पण."

"दमत नाय?"

मी नाही म्हटलं. तो पुष्कळ वेळ बघत राहिला. प्रोब पोटावर ठेवला तरी काळीज दिसतं, हे नऊ जणांनी नऊ वेळा बघितलं. कारकुनाने रजिस्टरात 'कितवा महिना' या रकान्यात नऊ वेळा 'निरंक' लिहिलं आणि डॉ. दीपकांनी डोक्याला हात लावला. भिमाजीने टॉवेलने पोट पुसलं, टोपी घातली आणि सोमाला म्हणाला, "सुपारी पुन्यांदा घिऊ. लोकांचं आयकलं, चुकलं आमचं." माणूस वाईट नाही. मग सगळे समोरच्या टपरीवर चहाला गेले.

सविता बाहेर बाकावर बसली होती. कुसाबाई नळावर गेल्या होत्या. मी तिला आनंदाची बातमी सांगायला गेले. म्हटलं, "झालं सगळं. सगळ्यांना पटलं."

"मशीनचं पटलं," ती म्हणाली.

"हो. आता काही अडचण नाही."

"मी बी सांगितलं व्हतं. बापाला सांगितलं, जीपमधल्या बायांना सांगितलं. तवा नाय पटलं कुनाला." तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला तो असा, घोगरा आणि शांत. "तुमी तर इचारलं बी नाय. हितं बी नाय अन् नाक्यावं बी नाय."

"तू शुद्धीत नव्हतीस नीट."

"व्हते की. समदं आयकत व्हते."

लाज वाटली. कानाच्या पाळ्या गरम होईपर्यंत लाज वाटली, हे लिहून ठेवते. दोन आठवडे मी हिला तपासत होते. हिची नाडी, हिचं बीपी, हिच्या हृदयाचा कोपरा न् कोपरा मला पाठ होता, आणि हिला काय होतंय ते मी हिच्याखेरीज सगळ्यांना विचारलं.

मग विचारलं. "तुला काय वाटतं?"

ती समोरच्या टपरीकडे बघत होती. "मला त्या घरात नाय जायाचं."

"मी सांगू का तुझ्या वडलांना? भिमाजींना मी समजावते."

"नको." ती पटकन म्हणाली, जरा घाबरूनच. "तुमी नका बोलू. मी सांगन. तुमी नुसत्या हुब्या ऱ्हा."

आम्ही रस्ता ओलांडला. नऊ जण चहा पीत होते. ती भिमाजीसमोर थांबली, पदर दोन्ही हातांत धरून. म्हणाली, "मामा, सुपारी नका घिऊ. मी चांगली हाय ह्ये ज्यास्नी मशीन बघून कळलं, त्यांच्या घरी मी नाय येनार."

भिमाजीने कप खाली ठेवला. टपरीवाल्याने स्टोव्ह बारीक केला. सोमाचा चेहरा त्या दिवशी पाटी वाचताना झाला होता तसा झाला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "म्याडम, तुमी तरी सांगा हिला."

सगळे माझ्याकडे वळले. तोंडाशी वाक्यं तयार होती, चांगली, मुद्देसूद, तिच्याच बाजूची. बावीस वर्षांची सवय आहे. मी ती गिळली. टपरीच्या बांबूला धरलं आणि तिच्या शेजारी उभी राहिले.

सोमा वाट बघत होता. मी बोलत नाही असं दिसल्यावर तो मुलीकडे वळला आणि तिला म्हणाला, "मंग तुला काय पायजे?"